लाल डबी, निळी डबी

माझं दुकान चष्म्याचं. नागपूरच्या नंदनवन भागात, मुख्य रस्त्यापासून जरा आत. दिवसभर माणसांच्या नाकावर तपासणीचा तो जड, गोल सांगाडा चढवायचा, त्यात काचा सरकवायच्या आणि विचारत राहायचं, "एक बरं की दोन बरं?" हा प्रश्न मी झोपेतही विचारतो, असं बायको म्हणते. मी चिडका आहे, असंही तीच म्हणते. पण काचांच्या बाबतीत मी कधी चिडलो नाही. गिऱ्हाईक कितीही वेळा "परत दाखवा" म्हणालं तरी परत दाखवतो. आमच्या भागात माझ्या नजरेची साक्ष चालते. अंगठीतला खडा खरा वाटतो का, साडीचा रंग उन्हात असाच दिसेल का, हेसुद्धा लोक मला विचारून जातात. मला त्याचा अभिमान होता. त्याच अभिमानाला हाताशी धरून मला कसं फसवलं गेलं आणि त्यात एक चांगला माणूस माझ्या हातून कसा गेला, ते सांगायचं आहे. सांगताना मी शांत राहीन, असं वचन देत नाही.

आम्ही तिघं होतो. एक मी. दुसरा माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याचा लग्नांना, जयंतीला, सभांना साऊंड लावायचा धंदा. माईक हातात आला की त्याचा आवाज बदलायचा, आणि वायर म्हणजे त्याच्या हातचा मळ. तिसरे सर. ते कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, मूळचे भिवापूरचे, आमच्याहून बरेच मोठे. आम्ही त्यांना सरच म्हणायचो आणि तेही आम्हाला कधी अरे-तुरे करत नसत. माझी आणि सरांची ओळख दुकानात झाली. त्यांनी नंबर तपासून घेता घेता मलाच काचेचं शास्त्र विचारायला सुरुवात केली होती, आणि मला न आलेली उत्तरं हळूच स्वतःच देऊन टाकली होती. असा माणूस मला आवडतो. माझ्या बायकोला ते आवडायचे ते वेगळ्या कारणासाठी. हंगाम आला की गावाकडची भिवापुरी मिरची पोतडीभर आमच्या घरी पोचती व्हायची, आणि देताना सर असे संकोचायचे की जणू आम्हीच त्यांच्यावर उपकार करतोय.

रविवारची बैठक दोस्ताच्या घरी. पहिला मजला, खिडकीत कूलर, समोर त्यानं घेतलेला मोठा, चपटा टीव्ही. आमच्यात असा टीव्ही पहिल्यांदा त्यानंच आणला. सकाळी तर्री-पोहे व्हायचे, मग सिनेमा लागायचा, आणि सिनेमापेक्षा जास्त वेळ त्याच्या चित्रावर काथ्याकूट चालायचा. काळा रंग खरंच काळा दिसतो का, गवताची पाती सुटी दिसतात का, नटीच्या गालावरची पावडर कळते का. वहिनी, म्हणजे दोस्ताची बायको, चहा ठेवताना म्हणायच्या, "सिनेमात काय झालं, ते तं तुमच्यातल्या एकालेही सांगता येत नाही." खरं होतं ते. आम्ही सिनेमे पाहत नव्हतो, चित्र पाहत होतो.

त्याच सुमाराला डीव्हीडीच्या पुढची तबकडी निघाली. कितीतरी जास्त बारकावे दाखवणारी. पण निघाली ती दोन तऱ्हांची, कारण जगातल्या बड्या कंपन्यांचं आपसात जमलं नाही. एकीचं नाव एचडी डीव्हीडी, ती लाल डबीत यायची. दुसरी ब्लू-रे, ती निळ्या डबीत. लाल डबीतली तबकडी निळ्याच्या मशीनवर चालायची नाही आणि निळी लालच्या मशीनवर नाही. आमच्या नागपुरात तेव्हा दोन्ही तबकड्या दुकानात मिळत नव्हत्या. कुणाचा भाचा, कुणाचा मेहुणा परदेशातून येताना बॅगेतून आणणार, तेवढंच. म्हणून आम्ही ठरवलं की तिघांनी एकच तऱ्हा घ्यायची. प्रत्येकानं वेगळे सिनेमे मागवायचे आणि ते तिघांच्या घरी फिरते ठेवायचे. बायकांची साड्यांची भिशी असते, तशी आमची तबकड्यांची भिशी. एकजण जरी दुसरीकडे गेला तरी तो भिशीतून बाद, हे उघड होतं.

मग भांडणं सुरू झाली. मजेची भांडणं, पण भांडणंच. सर निळ्याचे. त्या तबकडीत जागा जास्त आहे, सिनेमा कंपन्याही तिच्याकडे जास्त झुकताहेत, असं ते फळ्यावर मांडल्यासारखं सांगत. दोस्त लालचा. त्याचं म्हणणं, निळ्यावाल्यांनी जगाचे तीन भाग पाडून कुलपं घातली आहेत, अमेरिकेतली तबकडी इथल्या मशीनवर चालायची नाही. लालला तसलं कुलूप नाही, कुठूनही आणा, लावा आणि पाहा. सर एकदा त्याला चिडवत म्हणाले, "घरावर निळा झेंडा अन् हातात लाल डबी, हे कसं काय जमते हो तुमाले?" तो खो खो हसला. "सर, झेंडा बापानं देल्ला. डबी मी निवडून राहिलो." आम्ही सगळेच हसलो. वहिनींनी तर ते वाक्य शेजारणींना सांगितलं.

मला तांत्रिक बाजू फारशी कळत नव्हती. मी म्हणायचो, कागदावरचं जाऊ द्या, मला दाखवा, मग सांगतो. दोस्तानं तेच उचलून धरलं. "हाच पाहीन अन् हाच सांगीन," तो म्हणाला. "याच्यापेक्षा चांगले डोळे नंदनवनात कोनाचे आहेत? याचा शब्द तो शेवटचा." मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "मले मंजूर आहे. यायच्या डोळ्यावर माझा भरवसा आहे." आयुष्यात मला कुणी पदवी दिली नाही. ते वाक्य मी पदवीसारखं घेतलं, हे कबूल करायला मला लाज नाही.

योग असा की दोन्ही मशीनं त्याच उन्हाळ्यात हाताशी आली. सरांच्या भाच्यानं परदेशातून एक मशीन पाठवलं होतं, त्यावर निळी तबकडी चालायची. दोस्ताचा मेहुणा अमेरिकेतून आला होता, त्याच्याबरोबर लालचं मशीन. "त्याचंच आहे, जाताना घेऊन जाईन तो," असं दोस्तानं आम्हाला सांगितलं. तिकडची वीज वेगळी, म्हणून मशीनसोबत एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर होता, तो गुरगुरत राहायचा. एकच सिनेमा लालमध्येही मिळाला आणि निळ्यामध्येही. आता समोरासमोर परीक्षाच घ्यायची ठरली.

इथे वायरीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. टीव्हीला मशीन जोडायच्या दोन वायरी. एक जुनी, पिवळ्या पिनेची, आपण व्हीसीडीला लावायचो ती. तिच्यातून चित्र जुन्या टीव्हीसारखंच जाणार, तबकडी कितीही भारी असो. दुसरी नवी, चपट्या तोंडाची, एचडीएमआय. पूर्ण चित्र जायचं तर हीच लागते. सरांच्या मशीनच्या खोक्यात फक्त पिवळी आली होती, म्हणून त्यांनी चांगली वायर मुद्दाम मागवली. परीक्षेच्या आदल्या दिवशी ते मशीन आणि ती नवी वायर दोस्ताच्या घरी ठेवून गेले. जोडणी दोस्तच करणार होता. वायरींचं काम त्याच्याशिवाय कोण करणार?

भारनियमनाचं वेळापत्रक बघून वेळ ठरली. दिवे आल्यावर जमलो. दोस्तानं टीव्हीखालच्या टेबलावर पलंगपोस टाकून दोन्ही मशीनं झाकली होती, म्हणजे कुठलं कुठलं ते मला कळू नये. मला फक्त "एक" आणि "दोन" सांगणार. अगदी माझ्या दुकानासारखं. या कल्पनेवर मी खूश झालो. कूलर बंद केला, कारण तो लागला की विजेचा दाब कमी व्हायचा आणि चित्र थरथरायचं. आम्ही घामानं निथळत बसलो. सर म्हणाले, "माझी वायर लावली ना?" दोस्त पलंगपोसाआडून म्हणाला, "लावली ना सर. दोन्हीले सारखी."

"एक," तो म्हणाला. समुद्रकाठ दिसला, माणसं दिसली. मग "दोन". तोच समुद्रकाठ, पण वाळूचे कण सुटे झालेले, म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या मोजता याव्या इतक्या स्वच्छ. मी पुन्हा पाहिलं. पुन्हा पाहिलं. गिऱ्हाईक मला छळतं तसं मी त्याला छळलं, आणि तो न कंटाळता बटन दाबत राहिला. शंका घ्यायला जागाच नव्हती. एक म्हणजे काचेवर कुणीतरी तेलाचं बोट फिरवल्यासारखं. मी म्हणालो, "दोन. डोळे मिटून दोन." दोस्तानं पलंगपोस उचलला. दोन म्हणजे लाल.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हरल्याचं वाईट वाटलं असेल. वहिनींनी सरबत आणलं. दोस्तानं मशीन सोडवून दिलं, सगळं एका पिशवीत भरलं, आणि ती पिशवी मी जिना उतरून सरांच्या स्कूटरपर्यंत नेऊन दिली. त्यानंतर सर रविवारी आले नाहीत. पुढच्याही नाही. मी घरी जाऊन आलो. ते बाहेरच्या खोलीत बसून बोलले, चहा दिला, हवापाण्याची चौकशी केली. रविवारचा विषय काढला की म्हणायचे, "पाहू." एवढ्या मोठ्या माणसानं एका तबकडीवरून असं रुसावं, याचा मला रागच आला. दोनतीनदा गेलो, मग मीही जायचं सोडलं.

मी लालचं मशीन मागवलं. माझ्या चुलतभावानं ते किती खटपटीनं आणलं, तो अजूनही ऐकवतो. दोस्ताच्या मेहुण्याचं मशीन काही परत गेलं नाही. "त्यानं देऊनच टाकलं," असं कळलं. आम्ही दोघंच सिनेमे फिरवत राहिलो. आणि वर्षही पुरतं झालं नसेल, पेपरात बातमी आली की लाल तबकडी काढणाऱ्यांनी हात वर केले. यापुढे मशीनं नाहीत, तबकड्या नाहीत. खेळ खलास. निळी जिंकली. सर म्हणाले होते तसंच झालं.

मला मशीन वाया गेल्याचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त झोंबलं ते लोकांचं बोलणं. चौकातल्या पानठेल्यावर रोज एक तरी म्हणायचा, "डोळ्याच्या डॉक्टरलेच दिसलं नाही ना बे!" दुकानात काच बदलताना एखादं आगाऊ गिऱ्हाईक विचारायचं, "हे लालवालं तं नाही ना?" मी वरवर हसायचो आणि आत जळायचो. लोकांना काय कळणार, मी चित्र चांगलं कुठलं ते सांगितलं होतं, कंपनी कुठली टिकेल ते नव्हतं सांगितलं. पण हे कुणाकुणाला समजावणार? त्या वर्षी मिरचीही आली नाही. बायकोनं विचारलं, "सरांचं काही बिनसलं का?" मी म्हणालो, बाजारातून आण.

आणि आता जे सांगणार आहे ते आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात. बातमी आल्यावर मी दोस्ताकडे गेलो आणि त्याची माफी मागितली. होय, मी त्याची. म्हणालो, माझ्या शब्दावर तूही फसलास. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "जाऊ दे बे. होते असं. तुह्या डोळ्याचा काय दोष?" मोठ्या मनानं. त्या मोठ्या मनाचं मी बायकोपाशी कौतुक केलं. पानठेल्यावर लोक मला चिडवायचे तेव्हा तोही तिथे असायचा, हसायचा, आणि मग म्हणायचा, "पुरे रे आता, माणसाची चूक होते." मी त्याचे आभार मानत राहिलो.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. निळ्या तबकड्याही जुन्या झाल्या. आता सगळे फोनवर पाहतात आणि चित्र थांबून थांबून चाललं तरी कुणाचं काही बिघडत नाही. माझं आणि दोस्ताचं तसंच चालू होतं. सर नंदनवनातच, चार गल्ल्या पलीकडे. रस्त्यात दिसले की मान हलवायचे. मीही हलवायचो.

मागच्या हिवाळ्यात दोस्त आणि वहिनी मुलीकडे, पुण्याला, कायमचे राहायला निघाले. घर आवरायला मी रोज जात होतो. एका दुपारी तो खाली भंगारवाल्याशी घासाघीस करत होता आणि मी वर वहिनींबरोबर माळ्यावरचं सामान काढत होतो. त्यांचा जुना व्हीसीडी प्लेअर निघाला. त्यांनी तो पदरानं पुसला.

"हा चांगला चालत होता भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या परीक्षेपायी गेला."

"कसा काय?"

"कसा म्हणजे? याची पिवळी वायर यायनं काढून घेतली ना. आदल्या दिवशी दोन्ही मशीनं लावले, मले बोलावलं. म्हणे, पाय वं, कोनतं चांगलं दिसते? मी म्हटलं, मले तं दोन्ही सारखेच दिसून राहिले. दोन-तीनदा दाखवलं, मी तेच म्हटलं. मंग उठले अन् माह्या प्लेअरची वायर उपसली. म्हटलं, काहून काढता माही वायर? तं म्हणे, सरच्या मशीनले लावाची आहे. सरनं चांगली नवी आणली होती नं, ते काहून नाही लावली कोनास ठाऊक. मंग माही वायर काही मले वापस भेटली नाही. मी किती दिवस म्हटलं, आणून द्या, आणून द्या..."

त्या बोलत राहिल्या. त्यांची तक्रार वायरीची होती, आणि ती इतकी जुनी झाली होती की तिच्यात राग उरला नव्हता, नुसती गंमत होती. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. दोन्ही सारखीच दिसत होती. म्हणजे सरांचं म्हणणं खोडायला काही उरत नव्हतं. म्हणून त्यानं सरांच्या मशीनला जुनी वायर लावली, वर पलंगपोस टाकला, आणि मला समोर बसवून विचारलं, एक की दोन. आणि मी, डोळे मिटून, दोन.

तो वर आला तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात होत्या. मी सरळ विचारलं. त्यानं नाही म्हटलं नाही. खोक्यावर बसला, कपाळ पुसलं.

"ते मशीन मेहुण्याचं नव्हतं बे," तो म्हणाला. "माहंच होतं. मी आधीच मागवलं होतं. तुमाले सांगाची हिंमत झाली नाही. तुमी दोघं निळ्याकडे गेले असते, तं मी एकट्यानं लाल घेऊन काय केलं असतं? रविवारी कोन आलं असतं माह्याकडे?"

"मग सांगायचं होतं, मी घेतलंय म्हणून."

"सरनं आयकलं नसतं. तुह्या डोळ्याचं आयकलं असतं."

म्हणजे माझे डोळे उसने घेतले, न विचारता. मी त्याला म्हणालो, "इतकी वर्षं लोक मला हसले, तू शेजारी उभा होतास." तो म्हणाला, "सांगतो म्हटलं होतं मी मनात. मंग येळ निघून गेली." मी म्हणालो, सरांना सांग. तू स्वतः जाऊन सांग, जायच्या आधी. तो म्हणाला, "सांगतो ना. नक्की." सामानाचा ट्रक गेला, ते दोघं रेल्वेनं गेले. स्टेशनावर मी गेलो नाही. सरांकडे तो गेला नाही.

महिनाभर मी धुमसत होतो. गिऱ्हाइकांवर चिडायला लागलो, जे कधी केलं नव्हतं. एक आजोबा प्रत्येक काचेला "दोन" म्हणत होते. मी जास्त वेळ जी काच डोळ्यांपुढे ठेवायचो, तिला ते हो म्हणायचे. असं खूप जण करतात, दाखवणाऱ्याच्या मनात काय आहे ते हेरून उत्तर देतात, आणि हे मला पहिल्यापासून माहीत आहे. मग मला कळायला नको होतं? पण मी दोस्तासमोर बसलो होतो, परक्यासमोर नाही. दोस्ताच्या घरात बसून कुणी वायरी तपासतं का? दुकान लवकर बंद केलं आणि सरांकडे गेलो.

सर निवृत्त झालेत, केस पूर्ण पांढरे. मला बाहेरच्या खोलीत बसवलं, तसंच, पूर्वीसारखं. मी पाणीही न पिता सगळं सांगितलं. तुम्हाला फसवलं गेलं, तुमची वायर लावलीच नव्हती, पिवळी लावली होती. मला वाटत होतं, ते चकित होतील. ते शांतपणे ऐकत राहिले.

"मले त्याच दिवशी माहीत झालं होतं," ते म्हणाले.

मला कळेना. ते सांगू लागले. घरी जाऊन पिशवी उघडली तर त्यांची नवी वायर जशी दिली तशी होती. त्यांनी स्वतः लावलेला रबरबँडसुद्धा निघाला नव्हता. मशीनला मात्र पिवळी खोचलेली होती.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पिशवी तुमीच आणून देल्ली होती हाती. अन् वरून म्हणाले, पाहून घ्या सर, सगळं आलं ना? मले वाटलं, टोमणा मारून राहिले."

मी तसं म्हणालो असेन. कुणालाही पिशवी देताना आपण म्हणतोच. मी शपथेवर सांगितलं की मला ठाऊक नव्हतं, मला आत्ता, महिन्याभरापूर्वी कळलं. सर माझ्याकडे बघत राहिले. ते कठोर माणूस नाहीत, त्यांना माझं म्हणणं मानायचं होतं, हे दिसत होतं.

"तुमाले काचेवरचा ओरखडा लांबून दिसते," ते हळू आवाजात म्हणाले. "पिवळ्या वायरीचं चित्र तुमाले ओळखू आलं नाही, हे मी कसं मानू, सांगा बरं? म्हनून तं मी गेलो. तो एकटाच खोटं बोलला असता तं मी भांडलो असतो. पन तुमी डोळे मिटून 'दोन' म्हणाले."

एकानं मला फसवलं, आणि दुसऱ्याच्या घरात इतकी वर्षं फसवणारा म्हणून माझंच नाव होतं. मला काही शाबीत करता येत नव्हतं. शाबीत करू शकणारा एकच माणूस होता, आणि तो पुण्याला. मी तिथल्या तिथे फोन लावला. स्पीकर चालू केला, फोन सरांच्या आणि माझ्या मधे टेबलावर ठेवला.

"सर समोर बसले आहेत," मी म्हणालो. "त्या दिवशी वायर कुणी बदलली, तेवढं सांग. बाकी काही नको."

त्याचा तो माईकवरचा आवाज आला, मोकळा, गडगडाटी. "नमस्कार सर! तब्येत काय म्हणते? अरे बापा, ते काय घेऊन बसले तुमी! चुकलं सर, माफ करा. तवा आमी दोघंही येडेच होतो. थोडी गंमत केली आमी तुमची. मनात ठेवू नका."

"आम्ही नाही," मी ओरडलो. "तू. तू एकट्यानं. मला माहीत होतं का? सांग त्यांना!"

तिकडून हसण्याचा आवाज आला. प्रेमळ हसणं, लहान भावाची समजूत घालावी तसं. "हो बे, हो. मीच केलं, एकट्यानंच केलं. तुह्यावर काही येऊ देत नाही मी, बस? सर, याच्यावर रागावू नका बरं. हा बिचारा मनाले लावून घेते." मग मुलगी बोलावते आहे म्हणाला आणि फोन ठेवला.

मी फोन उचलून खिशात ठेवला. तो खरं बोलला होता, शब्दनशब्द खरा, आणि असा बोलला होता की ते कुणालाही खोटं वाटावं. सर उठले. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं अवघडलेपण गेलं होतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मला मोकळे दिसले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ द्या आता," ते म्हणाले. "चुकते माणूस. तो फोनवर का होईना बोलला, अन् तुमी तं चालून आले. मी माफ केलं तुमाले दोघाले."

मला ओरडून सांगायचं होतं की मला माफी नको, मी काही केलंच नाही. तोंडाशी आलंही होतं. पण त्यांचा हात खांद्यावर होता आणि ते आतल्या खोलीकडे वळून बायकोला हाक मारत होते, दोन ताटं वाढ म्हणून. नाही म्हटलं असतं तर ते पुन्हा बाहेरच्या खोलीतले सर झाले असते. मी खाली मान घालून म्हणालो, "चुकलं सर."

ते म्हणाले, "रविवारी येत जा." मी हो म्हटलं.